आणखी वाढू?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या कुठल्याही रस्त्याने दुपारी एकच्या सुमाराला निघा आणि गर्दीची एखादी खानावळ गाठा. एका टेबलाला आडतीवरचा हमाल, कचेरीच्या कामाला तालुक्याहून आलेला शेतकरी आणि पोराला क्लासवर सोडून आलेला बाप असे तिघे अनोळखी बसलेले असतात. वाढपी रश्श्याचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत असतो. कुणाच्या तोंडाकडे न बघता, फक्त ताटाकडे बघून तो विचारतो, ‘आणखी वाढू?’

कवितेच्या ओळीचं करतात तसं या दोन शब्दांचं रसग्रहण करावं, असं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. इराणी हॉटेलातल्या सूचनांच्या पाटीतून निसीम इझिकेल यांना इंग्रजी कविता सापडली होती. पाट्या आपल्याकडेही आहेत. ‘आज रोख, उद्या उधार’ आहे, ‘राजकारणावर चर्चा करू नये’ आहे, आणि त्याच पाटीखाली बसून रंगलेलं राजकारणही आहे. पण नांदेड-लातूरकडच्या हॉटेलांचं खरं वाङ्मय भिंतीवर नाही, वाढप्याच्या तोंडी आहे.

आधी वाक्याची घडण बघू. ‘हवंय का?’ असं तो विचारत नाही. ‘हवंय का’ म्हटलं की उत्तर देणाऱ्याला आपल्या भुकेची कबुली द्यावी लागते. ‘वाढू?’ म्हटलं की इच्छा वाढणाऱ्याची होते, जेवणाऱ्याने नुसती परवानगी द्यायची. मागितल्याचा कमीपणा त्या एका ‘ऊ’काराने पुसून जातो. ‘आणखी’ हा शब्दही हुशार आहे. पहिलं वाढलेलं तुम्हाला आवडलं, हे त्याने धरूनच टाकलेलं असतं. स्तुती मागायची नाही, ती झाली असं समजून पुढं जायचं. तुम्ही संकोचलात तर इकडच्या बोलीतली पुरवणी येते, ‘घ्या की, लाजायलाव काय?’

पण सगळी गंमत ‘वाढणे’ या क्रियापदात आहे. मराठीत पीक वाढतं, पोर वाढतं, कर्ज वाढतं आणि पानंही वाढली जातात. हिंदीत ‘बढ़ना’ आणि ‘परोसना’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आपल्याकडे दोन्हींचा भार एकाच शब्दावर आहे. आपण शुभकार्याला नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणतो. जिथे काहीतरी तुटतंय, संपतंय, तिथेही भाषा हाच शब्द पुढे करते. खानावळीतही तेच चालतं. ताटात वाढलं म्हणजे पातेल्यात घटलं. त्या घटण्याचा उच्चार होत नाही, वाढण्याचा होतो.

हा प्रश्न नुसत्या सौजन्याचा नाही, तो पदार्थातूनच निघतो. मालदांडी ज्वारीची भाकरी तव्यावरून आली की इकडचा माणूस ती ताटात चुरतो, मधे आळं करतो आणि त्यात रस्सा ओततो. काळ्या मसाल्याचा, शेंगदाण्याच्या कुटाचा दाटसर रस्सा भाकरी बघता बघता पिऊन टाकते. आळं कोरडं पडतं. पुन्हा रस्सा लागतो, रस्सा उरला की पुन्हा भाकरी लागते. एकदाच वाढून भागेल असा हा पदार्थच नाही. ज्या खानावळीत ‘जादा रश्श्याचे वेगळे पैसे पडतील’ अशी पाटी लागते, तिथे भाकरीचा स्वभावच मालकाला कळलेला नसतो.

मुरलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या वाढीवरून हॉटेल ओळखतं. पहिल्या वाटीवर सगळीकडेच तरी तरंगते. दुसऱ्या वेळी पळी भांड्याच्या तळापर्यंत गेली की वरवर फिरली, हे बघायचं. तळापर्यंत गेली तर फोड येते, कूट येतो, मसाला येतो. वरवर फिरली तर तांबडं पाणी येतं. पळीच्या त्या एका हालचालीत मालकाची नियत, आचाऱ्याचा अंदाज आणि वाढप्याचा तुमच्यावरचा लोभ हे तिन्ही वाचता येतात.

नांदेडला हेच वाक्य दुसऱ्या बोलीत भेटतं. देगलूर नाक्याकडे बिर्याणीच्या हॉटेलात बसा. सालनाचं भांडं घेऊन येणारा पोरगा म्हणतो, ‘और डालूँ क्या?’ १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. संस्थान गेलं, पण जिभेवरचं आणि ताटातलं हैदराबाद राहिलं. घराघरांतून शिजणारी पिवळी, मसालेदार तहरी त्याच वारशातली. आता उत्तर ऐका. पोट भरलेलं गिऱ्हाईक ताटावर हात आडवा धरून म्हणतं, ‘नक्को.’ दखनीतला हा ‘नक्को’ म्हणजे आपलाच ‘नको’. वाढण्याचा शब्द दोन भाषांत वेगळा आहे आणि पुरे म्हणण्याचा एक आहे. शतकानुशतकं शेजारी राहिलेल्या दोन भाषांनी एकमेकींना काय दिलं, तर आग्रह मोडायचा शब्द दिला. याच्याइतकी घरोब्याची दुसरी खूण नसेल.

हा प्रश्न सगळीकडे इतका निर्मळ नसतो, हेही सांगायला हवं. परमिट रूममध्ये चकणा न मागता येतो, फुकट येतो आणि संपला की पुन्हा येतो. खारे शेंगदाणे, फुटाणे, मीठ भुरभुरलेली काकडी. मीठ तहान वाढवतं. इथे वाढणाऱ्याची नजर ताटलीवर नसते, ग्लासावर असते. थाळीवाल्या हॉटेलात ‘अनलिमिटेड’ अशी मोठी पाटी आणि तिच्याखाली बारीक अक्षरात ‘ताटात उष्टे टाकल्यास दंड पडेल’ अशी ओळ. वरची ओळ यजमानाने लिहिलेली, खालची मुनीमजींनी. रसिकाने दोन्ही वाचाव्यात. हॉटेल चालवायला दोघंही लागतात.

लातुरातल्या मेसमध्ये या वाक्याला आणखी एक छटा येते. ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवणीसाठी खेड्यापाड्यांतून, परजिल्ह्यांतून सोळा-सतरा वर्षांची पोरं इथे येतात. बहुतेकांची घराबाहेर जेवायची ही पहिलीच वेळ. मेसचा हिशोब महिन्याचा. गावी गेलं तर खाडा धरायचा, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी चूल बंद. पहिल्या आठवड्यात काकू विचारतात, ‘वरण वाढू का रे?’ आणि पोरगं मान खाली घालून नको म्हणतं. घरी आईला नको म्हटलं तरी ती वाढते, इथे नको म्हटलं की काकू खरंच पुढे जातात, हे कळायला दोन-चार दिवस अर्धपोटी काढावे लागतात. दिवाळीपर्यंत तेच पोरगं लांबून हाक मारतं, ‘काकू, वरण!’ डाळमिलच्या या गावात, बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात, वरणासाठी मारलेली ती हाक म्हणजे पोरगं रुळल्याची पावती असते.

आता या वाक्याची काळी बाजू. आपल्याकडे म्हणतात, वाढणारा ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीला बसलं तरी चालतं. आपण ही म्हण हसत वापरतो, पण तिच्यात एक कडू कबुली आहे. ओळखीचा नसेल तर काय होतं, ते म्हण सांगत नाही. त्यासाठी मराठीत वेगळा शब्दच आहे, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत कुणाला तूप आणि कुणाला नुसता वास. त्याहून वाईट म्हणजे कित्येकांना पंगतच नव्हती. त्यांना वाढलं जायचं ते लांबून, वरून, भांड्याला भांडं लागू न देता. चहाच्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी असायची आणि ती ज्याची त्याने विसळून ठेवायची. मराठवाड्यातल्या आधीच्या पिढ्यांनी हे भोगलेलं आहे. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा नावानिशी उल्लेख का करावा लागला, ते यावरून कळतं. म्हणून रसग्रहण करताना शब्दांबरोबर पळीची उंचीही मोजावी लागते. ‘वाढू?’ हा शब्द तोच, पण पळी ताटापासून किती वर थांबली, यावर त्याचा अर्थ ठरत आला.

ही म्हण खोटी पडलेली बघायची असेल तर नांदेडला जावं. १७०८ साली गुरू गोविंदसिंघांनी गोदावरीकाठच्या या गावात देह ठेवला. सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, आणि तख्ताच्या गावात लंगर अखंड चालतो. सतरंजीच्या पट्टीवर ओळीने बसायचं. शेजारी पंजाबातून आलेला जमीनदार असेल, मुदखेडहून आलेला मजूर असेल, नांदेडचाच कॉलेजकुमार असेल. सेवादार रोट्यांची टोपली घेऊन येतो. रोटी तो ताटात टाकत नाही. तुम्ही दोन्ही हातांची ओंजळ पुढे करायची आणि तिथे तिला म्हणायचं ‘परशादा’. दालवाला बादली घेऊन येतो आणि मोठ्याने पुकारतो, ‘दाल, वाहेगुरू!’

या पुकाऱ्यात प्रश्न नाही, हे ध्यानात घ्या. ‘मी वाढू?’ यातला ‘मी’ इथे गळून पडला. वाढणारा स्वतःच्या नावाने वाढत नाही आणि घेणारा त्याच्याकडून घेत नाही. दोघांमध्ये ज्याचं नाव घेतलं जातं, ते दोघांहून मोठं आहे. वाढपी ओळखीचा असण्याची गरजच संपली. पहिल्या पंगतीत आणि शेवटच्या पंगतीत डाळ सारखीच दाट. जेवून उठणाऱ्यांपैकी कितीतरी जण नंतर भांडी घासायला किंवा वाढायला उभे राहतात, म्हणजे वाढणारा आणि जेवणारा हा भेदही कायमचा नाही. नांदेडहून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमध्ये तर हा लंगर डब्यापर्यंत येतो. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवादार बादल्या घेऊन उभे असतात. जाणते प्रवासी ताट-वाटी बरोबर घेऊनच चढतात.

आणि एक वर्ष असं आलं की लातुरात ‘आणखी वाढू?’ याचा अर्थच बदलला. २०१६चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडं पडलेलं, नळाला आठवडेच्या आठवडे पाणी नाही. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेने पहिलं पाणी आलं, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्या दिवसांत टेबलावरचा जग नाहीसा झाला. ग्लास अर्धाच भरून यायचा आणि गिऱ्हाईकही अर्ध्याहून जास्त मागायचं नाही. भाजी वाढताना कुणी हात आखडला नाही. पाण्यासाठी मात्र वाढप्याच्या तोंडून तो प्रश्न निघत नसे. रोज शंभरदा उच्चारलेलं वाक्य एका गोष्टीपुरतं गप्प झालं. पातेल्यात नसेल तर ‘वाढू?’ विचारता येत नाही, एवढा साधा अर्थ त्या उन्हाळ्यानं शिकवला.

आता दोन्ही शहरांत कॅफे निघाले आहेत. मंद दिवे, कोल्ड कॉफी, टेबलावर चिकटवलेला क्यूआर कोड. पोरं तासन् तास बसतात, कुणी उठवत नाही. तीही एक माया म्हणायची. फक्त तिथे वाढणं नाही, आणून ठेवणं आहे. आणखी हवं असेल तर पुन्हा ऑर्डर, पुन्हा बिल. मोठ्या शहरांतल्या रेस्टॉरंटांनी तर वाढल्याचेही पैसे बिलात आपोआप धरायला सुरुवात केली आणि जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ‘सेवाशुल्क असं परस्पर लावू नका’ म्हणून सांगावं लागलं. वाढण्याला दाम लावला की ते मोजावं लागतं, आणि मोजायला घेतलं की ‘आणखी’ हा शब्दच अडचणीचा होतो. कॅफेला नावं ठेवायची नाहीत. तो वेगळ्या भुकेसाठी आहे. पण कॉफीचा पेला रिकामा झालेला आधी कुणाच्या ध्यानात येतो, तुमच्या की त्यांच्या, एवढं बघून घ्यावं. खानावळीत ते आधी वाढप्याच्या ध्यानात येतं. माझ्या मते चांगल्या हॉटेलाची हीच खरी परीक्षा आहे. चवीचा नंबर नंतर.

हे वाक्य आलं कुठून, ते बघायचं तर वेळ अमावास्येला लातूर गाठायला हवं. कानडी मुलखात तिला ‘यळ्ळ अमावास्या’ म्हणतात, इकडच्या तोंडी ‘येळवस’. त्या दिवशी प्रशासनही बहुधा स्थानिक सुट्टी देतं आणि गावच्या गाव रानात जातं. ज्वारीच्या हिरव्या पिकात कडब्याची कोप, तिच्यात पूजा, आणि बाहेर हिरव्या दाण्यांची, पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं आंबील. जितके जास्त लोक जेवून जातील तितकं चांगलं, या समजुतीने बांधावरून जाणाऱ्या परक्यालाही हाक मारून बसवतात. आंबिलाचा पेला संपायच्या आत कुणीतरी वाकून विचारतंच.

त्या दिवशी लातूर शहर ओस पडलेलं असतं. तेव्हा येळवशीला गेलात तर जेवायला हॉटेल शोधू नका. कुठल्याही शेताच्या बांधावर जाऊन उभे राहा.