बाळंतिणीच्या खोलीबाहेरचा बाप

दलित आत्मकथनांनी आई उभी केली. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये कोवळ्या पोरींची बाळंतपणे आणि बाळंतिणीच्या पोटातली भूक आली आहे, पांढरपेशा साहित्याने ती कधी पाहिलीच नव्हती. बाप मात्र आपल्या साहित्यात निराळ्या वाटेने येतो. ‘बलुतं’मधला बाप मुंबईच्या गोदीत राबतो आणि दारूत बुडतो. ‘अक्करमाशी’त बाप म्हणजे शाळेच्या रजिस्टरातला छळणारा रकाना. पण मूल जन्माला येत होते तेव्हा बाप कुठे होता, हा प्रश्न आपल्या लेखकांनी फारसा विचारलेला नाही. समीक्षकांनी तर नाहीच.

बिरवाडीत राहणाऱ्याला याचे निम्मे उत्तर ठाऊक असते. महाड-पोलादपूरकडचा पुरुष पोटासाठी मुंबईला, आणि पहिले बाळंतपण माहेरी. म्हणजे बाई डोंगरातल्या वाडीवर, बाप काल गिरणीत, गोदीत, आज आणखी कुठे रोजंदारीवर. पूर्वी पोस्टकार्ड यायचे, आता फोन येतो. बारशाला एस.टी.ने यायचे, दोन दिवस राहायचे आणि पुन्हा कामावर. बिरवाडीलगतच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर लागलेल्याचीही गत तीच : खाडा झाला की मजुरी बुडाली. अशा बापाला बेजबाबदार म्हणणे फार सोपे आहे.

शहरांतून आता होणाऱ्या बापांसाठी कार्यक्रम निघू लागले आहेत. दिल्लीत या शतकाच्या आरंभी कामगार विमा दवाखान्यांत गरोदर बाईबरोबर नवऱ्यालाही बोलावून सल्ला देण्याचा प्रयोग झाला. नवरा-बायकोतले बोलणे वाढले, कुटुंबनियोजनाची साधने अधिक वापरली गेली. हे चांगलेच झाले. तथापि अशा कार्यक्रमांचे गृहीतक तपासले पाहिजे. बाप अडाणी आहे, त्याला शिकवले की तो येईल, असे ते गृहीतक आहे. तो आला तर त्याची हजेरी कोण कापतो, हे विचारले जात नाही.

बाबासाहेबांनी हा प्रश्न नेमका ओळखला होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी आईच्या विश्रांतीला राष्ट्रहिताची बाब मानले आणि तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकानेही भार उचलावा, अशी भूमिका घेतली. १९२९ साली कायदा झाला. तो उपदेश नव्हता, हक्क होता. २०१७ च्या दुरुस्तीने आईची रजा २६ आठवड्यांची झाली. बापाला तीत एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष नोकराला १९९७ पासून १५ दिवसांची रजा आहे; नाक्यावरच्या मजुराला कोण देणार? २०१६ साली केंद्राने प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मुभा दिली. नवऱ्यालाही दिली, पण जिथे आडोशाची सोय असेल तिथेच. जिथे खाटेला खाट लागलेली, तिथला बाप बाहेरच राहतो. ज्याला आडोसा विकत घेता येतो, तोच आत जातो. मातृवंदना योजनेत तर प्रारंभी बाप होता तो केवळ आधार क्रमांकापुरता.

परंतु सारे खापर मालकावर आणि सरकारवर फोडून आपण मोकळे होऊ शकत नाही. माझ्या मुलीच्या जन्मावेळी मला रजा होती, तरी मी व्हरांड्यातच बसून राहिलो. घरी आल्यावरही बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायला मला दहा दिवस लागले. मला अडवणारा कोणी मालक नव्हता. अडवत होते ते सोयर. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी विटाळ नाकारला, डिसेंबरमध्ये तिथेच मनुस्मृती जाळली. तळे आपण बाटवून दाखवले. खोली मात्र विटाळशीच ठेवली. बाईच्या रक्ताचा विटाळ मानणारा पुरुष आपल्या माणुसकीचा लढा अर्धाच लढला आहे.

म्हणून बापांसाठीचा कार्यक्रम आपल्याच विहारांतून, मुंबईकर मंडळांतून उभा राहिला पाहिजे, आणि त्याची दोन कलमे असावीत. कंत्राटी व रोजंदारी कामगाराला मूल जन्मताना पगारी रजा, हे पहिले. तीसाठी मोर्चा काढावा लागेल. सोयराचा त्याग, हे दुसरे. त्यासाठी मोर्चा लागत नाही, फक्त उंबरा ओलांडावा लागतो. आपले लेखक हे लिहितील तेव्हा दलित साहित्यातला बाप रकान्यातून बाहेर येईल.