‘रामदास’ बोट आणि एक ऐटदार वाक्य

आज एकाच वाक्याची तपासणी करू.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली. शेकडो माणसं गेली. या दुर्घटनेवरच्या लेखांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘क्वीन एलिझाबेथ’ हे जगप्रसिद्ध जहाज बांधणाऱ्या स्वान हंटर कंपनीनेच १९३६ मध्ये रामदास बांधली.

आता तारखा लावून बघा. अटलांटिक ओलांडणारी ‘क्वीन एलिझाबेथ’ स्कॉटलंडमधल्या जॉन ब्राउन कंपनीने बांधली आणि तिचं जलावतरण झालं सप्टेंबर १९३८ मध्ये. म्हणजे कंपनी चुकली आणि क्रमही चुकला. रामदास तयार झाली तेव्हा क्वीन एलिझाबेथ पाण्यात उतरलीच नव्हती.

मग स्वान हंटरची खरी कीर्ती कशामुळे? ‘मॉरेटानिया’मुळे. १९०७ मध्ये लिव्हरपूल ते न्यूयॉर्क पहिली फेरी करणारं हे जहाज १९२९ पर्यंत अटलांटिकवर वेगाचा मान राखून होतं. १९१२ मध्ये टायटॅनिकच्या सातशेच्या आसपास माणसांना उचलून घेणारी ‘कार्पेथिया’सुद्धा याच कंपनीची.

तुम्ही म्हणाल, मग नाव बदललं की झालं! नाही. माझा खरा आक्षेप पुढेच आहे. गोदीचं नाव बरोबर असलं तरी ते इथे करतं काय? ‘एवढ्या नामांकित कंपनीची बोट, तरी बुडाली’ असं म्हटलं की दोष आपोआप नशिबावर जातो. त्या दिवशी बोटीत किती माणसं होती, जीवरक्षक साधनं किती होती, ऐन पावसाळ्यात बोट सोडायचं कुणी ठरवलं, हे प्रश्न मागे राहतात. ज्यांची माणसं गेली, त्यांचे प्रश्न तर हेच होते ना?

दहा लेखांत तेच वाक्य दिसलं म्हणून दहा पुरावे झाले असं समजू नका. शब्दही तेच असतील, तर बहुधा एकाचंच बाकीच्यांनी उतरवलेलं असतं.

साखऱ्यासारख्या समुद्रापासून दूरच्या गावात बसूनही ही तपासणी होते. त्यासाठी गोदी बघावी लागत नाही. दोन तारखा शेजारी मांडाव्या लागतात. तुमच्या विषयातलं असं एक ऐटदार वाक्य आजच शोधा. आधी विचारा, हे खरं आहे का? मग विचारा, खरं असलं तरी ते इथे कशाला आहे?