रिंगच्या बाहेर कोण बसलंय?

एपिसोडमध्ये आपण जॉर्ज बेलोजच्या बॉक्सिंगच्या चित्रांवर घाईघाईत बोललो. ‘ताकद’, ‘वेग’, ‘पुरुषी जोश’ असे शब्द वापरून मोकळे झालो. नंतर त्याचं १९०९ चं ‘बोथ मेंबर्स ऑफ धिस क्लब’ पुन्हा बघत बसले आणि वाटलं, आपण भलतीकडेच बघत होतो.

तेव्हा न्यूयॉर्कमध्ये बॉक्सिंगच्या जाहीर सामन्यांना बंदी होती. पळवाट अशी, की सामना खासगी क्लबात भरवायचा आणि लढणाऱ्यांना तेवढ्यापुरतं सभासद करून घ्यायचं. म्हणजे शीर्षकच टोमणा आहे. एक बॉक्सर काळा, एक गोरा. ‘दोघेही आमचेच हो!’ गोरा रक्ताळून खचत चाललाय. दोघांचे चेहरे बेलोजने रंगात जवळजवळ पुसून टाकलेत. लक्षात राहतात ते खाली अंधारात बसलेल्यांचे चेहरे, वासलेली तोंडं. आणि चित्र बघायची जागाही खालचीच, म्हणजे आपणही त्यांच्यातच बसलोय.

सिंगापुरातही न्यू वर्ल्ड, हॅपी वर्ल्डसारख्या करमणुकीच्या बागांमध्ये बॉक्सिंगला गर्दी व्हायची. पण इथल्या वास्तववादी चित्रकारांचं नाव काढलं की मला रिंग नाही, रस्ता आठवतो. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या इक्वेटर आर्ट सोसायटीतल्या कोए सिया याँगचं ‘हिअर दे कम!’ (१९६५) घ्या. धाड पडतेय आणि फेरीवाले जीव घेऊन पळताहेत. शीर्षकातले ‘ते’ कोण, हे कळायला त्यांचं पळणं पुरतं. दादर स्टेशनबाहेर ‘गाडी आली!’ अशी आरोळी ऐकलेल्या कुणालाही या चित्राचं भाषांतर लागणार नाही. चादरीची चार टोकं एका मुठीत, गाठोडं डोक्यावर, की पसार! ही झुंजच आहे, फक्त इथे दुसऱ्याला ठोसा मारायची परवानगी नाही.

पुढे या फेरीवाल्यांना परवाने मिळाले, हॉकर सेंटरं उभी राहिली, आणि २०२० मध्ये हीच हॉकर संस्कृती युनेस्कोच्या यादीत गेली. आपण तिथे रांगेत उभं राहून लाक्सा खातो. चित्रातल्या माणसांना हे सांगितलं असतं तर हसले असते.

तरी एका बाबतीत मला बेलोज वरचढ वाटतो. कोए आपल्याला थेट फेरीवाल्यांच्या बाजूला नेतो, आणि तिथे उभं राहणं सोपं आहे, आपलं मन स्वच्छ राहतं. बेलोज ती सोय ठेवत नाही.

कॉलेजात असताना दादरला एका बाईशी रुमालांच्या जोडावरून घासाघीस करत होते. पन्नासचे चाळीस करून घेतले, तेवढ्यात गाडी आली. ती पळाली. रुमाल माझ्या हातात, पैसे पाकिटातच. पाच मिनिटं थांबले असते तर ती परत आली असती. ठाणे फास्ट लागली होती.