‘निबंधमाले’ची वाढ : एक टिपण

‘निबंधमाला’ आज आपल्या हाती येते ती एका जाड ग्रंथाच्या रूपाने. आणि ग्रंथरूपामुळेच तिच्याविषयीचा एक गैरसमज दृढ झाला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी प्रथम भाषेचा, नंतर वाङ्मयाचा व शेवटी देशाचा विचार केला. सारांश, माला विषयांच्या अंगाने वाढत गेली, असे आपण वर्गांतून सांगत आलो आहोत. अनुक्रमणिका पाहता हे खरे दिसते. १८७४ च्या जानेवारीत ‘मराठी भाषेची सांप्रतची स्थिती’ या निबंधाने आरंभ होतो आणि ‘आमच्या देशाची स्थिती’ या निबंधाने शेवट होतो. परंतु अंक वेगळे करून वाचू लागले की चित्र पालटते.

हे मासिक एकट्याने चालविलेले होते, आणि चालविणारा गृहस्थ पेशाने शिक्षक होता, या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत. ‘शालापत्रका’त पित्याच्या सहवासात लेखणी घासलेली, दिवसा सरकारी शाळेत इंग्रजी शिकवावयाचे, आणि उरलेल्या वेळात महिन्याचा अंक सिद्ध करावयाचा. ‘भाषांतर’, ‘लेखनशुद्धि’, ‘वाचन’ हे विषय मुळी शाळेच्या फळ्यावरूनच आलेले आहेत. डॉक्टर जॉन्सनचे चरित्र अनेक अंक पुरले, तेही मला दीर्घ पाठासारखेच वाटते. मात्र हा पाठ रंगलेला आहे, हे कबूल केले पाहिजे. विषय बदलले तरी कृती एकच राहिली : पुढ्यात आलेला मजकूर तपासावयाचा, चूक दाखवावयाची, चुकणाऱ्याची थोडी फजिती करावयाची. वाढला तो या तपासणीचा आवाका. शब्दांची अशुद्धी शोधणारी दृष्टी अखेरीस स्वदेशाविषयीच्या न्यूनगंडाकडे वळली, हे तिचे खरे यश होय.

पण वाचक म्हणजे समोर बसलेला विद्यार्थी, हे गृहीत कितपत खरे होते? आमच्या कोपरच्या दोन्ही अंगांस पाहावे. कल्याणास १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय होते. ठाण्यास १८६६ पासून ‘अरुणोदय’ निघत होता. पुण्याबाहेरच्या गावांतही मराठी वाचणारा, वर्गणी भरणारा, मत असणारा समाज मालेच्या आधीच उभा होता. चिपळूणकरांनी वाचक निर्माण केला, हे आमच्या समीक्षेतील आवडते वाक्य यापुढे जपूनच वापरावे.

या गृहीताची किंमत ज्योतीराव फुल्यांच्या बाबतीत मोजावी लागली. ‘गुलामगिरी’ (१८७३) पुढ्यात आली तेव्हा मालाकारांनी तिचे व्याकरण आणि तिची भाषा यांवर शस्त्र चालविले. उत्तरपत्रिका नापास झाली. तीत विचारलेला प्रश्न मात्र तसाच राहिला. लोकहितवादींवरील निबंधातही उपहास पुष्कळ आहे, तरी तेथे निदान प्रतिपक्ष आपल्या बरोबरीचा मानला आहे. फुल्यांना तेवढाही मान नाही. याला केवळ जातीचा अभिमान म्हणून सोडून देणे सोपे आहे. तो होताच, परंतु त्याला तांबड्या शाईच्या सवयीची जोड मिळाली होती. जो लेखक शुद्ध लिहीत नाही त्याला सांगण्यासारखे काही असेल, ही शक्यताच त्या सवयीत बसत नाही. ‘आमच्या देशाची स्थिती’ लिहिली गेल्यावर थोड्याच वर्षांनी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध झाला. ही दोन लिखाणे एकापाठोपाठ वाचल्यास ‘आमच्या’ या शब्दाची व्याप्ती कळून येते.

आणखी एक गोष्ट. रत्नागिरीच्या बदलीनंतर १८७९ मध्ये चिपळूणकरांनी नोकरी सोडली. आता माला बहरावयास हवी होती. झाले उलट. १८८० च्या आरंभी न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’, शिवाय छापखाना. आणि ८४ अंकांनंतर माला थांबली. १७ मार्च १८८२ रोजी ते वारले तेव्हा त्यांच्या वयाची बत्तीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अनेक चरित्रकार मालेचा शेवट या अकालमृत्यूशी जोडतात. मला वाटते, ती त्याआधीच संपली होती. सरकारी शाळेत जे बोलता येत नव्हते त्यासाठी ती होती. स्वतःची शाळा आणि स्वतःचे पत्र हाती आल्यावर तिचे काम उरले नाही.