चित्रपुस्तकातील मौन आणि मुलाची अस्मिता

बालवाङ्मयाचा विचार आपल्याकडे बहुधा संस्कार आणि रंजन या दोन टोकांमध्ये होत आला आहे. ‘मी कोण, मी कुणाचा’ हे मुलाला कसे उमगते, हा प्रश्न त्यामुळे बोधाच्या सदरात जमा होतो. वस्तुतः चित्रपुस्तकात तो आशयाइतकाच रूपाचाही प्रश्न असतो. चित्र आणि शब्द या दोन चिन्हव्यवस्थांपैकी कोणती काय सांगते आणि कोणती कशाविषयी मौन पाळते, यावर मुलाला मिळणारी स्वप्रतिमा अवलंबून असते.

एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ (१९६२) या दृष्टीने कळीचे पुस्तक होय. पीटर नावाचा शहरी मुलगा बर्फात पावलांचे ठसे उमटवतो, काठीने झाडावरचे बर्फ पाडतो, बर्फाचा एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो वितळून जातो. कथानक एवढेच. पीटर कृष्णवर्णीय आहे हे केवळ चित्र सांगते. संहितेत त्याचा उच्चारही नाही. १९६३ साली या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळाले. १९६५ मध्ये नॅन्सी लॅरिक यांनी ‘सॅटर्डे रिव्ह्यू’मधील लेखात १९६२ ते १९६४ या काळातील ५२०६ अमेरिकन बालपुस्तकांपैकी केवळ ३४९ पुस्तकांत कृष्णवर्णीय व्यक्ती आढळतात, असे दाखवून दिले. त्याच लेखात कीट्स यांच्या या मौनावरही त्यांनी आक्षेप घेतला.

हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. अनुच्चार हा नकाराचाही एक प्रकार असू शकतो. परंतु येथे संहिता गप्प असली तरी चित्र गप्प नाही. बर्फाचे नवल अनुभवण्यासाठी पीटरला आपल्या वर्णाचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. आत्मस्वीकार हा या कथेचा निष्कर्ष नसून तिचे गृहीतक आहे.

लिओ लिओनी यांच्या ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’ (१९५९) मध्ये नेमके उलट घडते. निळा आणि पिवळा ठिपका परस्परांना मिठी मारून हिरवे होतात. आईवडील त्यांना ओळखत नाहीत. रडून रडून मूळ रंगात परतल्यावरच त्यांना घर मिळते. हिरवेपणाचा उलगडा आईवडिलांना नंतर होतो. आपलेपणा इतरांच्या ओळखण्यावर अवलंबून असतो, हे कटू सत्य येथे आहे. मात्र ठिपक्यांच्या अमूर्ततेत कोणतेही मूल शिरू शकते, तसे कोणत्याही विशिष्ट मुलाला तेथे आपला चेहरा सापडत नाही.

मराठी चित्रपुस्तकाला कीट्स यांची रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही. जात कातडीच्या रंगावरून ओळखता येत नाही. ती आडनावात, वस्तीत, ताटातल्या अन्नात आणि बोलीत असते. चित्रात साचेबंद मध्यमवर्गीय घर आणि संहितेत केवळ प्रमाणभाषा असेल, तर दोन्ही चिन्हव्यवस्था एकाच वेळी गप्प होतात आणि ते मौन प्रस्थापिताच्या बाजूने झुकते. अशा पुस्तकाच्या शेवटी ‘सगळी मुले सारखीच’ असे वाक्य छापले, तरी त्याने काहीच साधत नाही.

म्हणून वर्गात पुस्तकाचे तात्पर्य विचारण्याऐवजी चित्रातले घर कुणाचे वाटते, हे मुलांना विचारणे अधिक अर्थपूर्ण ठरेल. समीक्षेलाही हाच प्रश्न टाळता येणार नाही.