न्यूनगंड कोणाचा? : जात, ओळख आणि मनाची परिभाषा

दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांविषयी लिहिताना मराठी समीक्षेत एक संज्ञा फारशी तपासून न घेता वापरली जाते. ती संज्ञा म्हणजे 'न्यूनगंड'. निवेदक वर्गात दाराशी बसतो, आडनाव सांगताना अडखळतो, शहरात भाड्याची खोली शोधताना जात लपवतो. आणि त्याच्या मनात न्यूनगंड निर्माण झाला आहे, अशी नोंद समीक्षक करतो. ही नोंद सहानुभूतीने केलेली असते, यात शंका नाही. परंतु आल्फ्रेड अॅडलरच्या मानसशास्त्रातून आपल्याकडे रुळलेली ही संज्ञा एक गृहीतही सोबत घेऊन येते. गंड म्हणजे गाठ, आणि गाठ ज्याच्या शरीरात असते त्याचीच ती मानली जाते. दुखणे अशा रीतीने एका व्यक्तीच्या ठायी निश्चित झाले, की त्यावरचा इलाजही तिनेच करावयाचा असतो. भोवतालचा समाज आपोआप निरोगी ठरतो. आत्मकथनाने ज्याच्यावर आरोप ठेवला, त्याची समीक्षेच्या परिभाषेतून अशी नकळत सुटका होते.

या परिभाषेची परीक्षा घेण्यासाठी कोल्हापूरचा इतिहास उपयोगी पडेल. १८९९ च्या कार्तिक महिन्यात शाहू छत्रपती पंचगंगेवर स्नानास जात असत. त्यांच्यासाठी म्हटले जाणारे मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, ही गोष्ट राजारामशास्त्री भागवत यांनी निदर्शनास आणून दिली. संस्थानचा अधिपती विधीपुरता शूद्र होता. या प्रसंगातून उद्भवलेले वेदोक्त प्रकरण पुढे काही वर्षे चालले, राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले आणि महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत मोठा वाद माजला. या घटनेचा अर्थ धर्माधिकाराचा प्रश्न, संस्थानी राजकारण, ब्राह्मणेतर चळवळीची प्रेरणा अशा अनेक अंगांनी लावण्यात आला आहे. शाहूंच्या संतापाला मात्र सहसा कोणी न्यूनगंड म्हटलेले नाही, आणि ते योग्यच आहे. पण मग प्रश्न असा उपस्थित होतो, की दर्जा नाकारला गेल्याने होणारी जखम सत्ताधाऱ्याच्या बाबतीत 'स्वाभिमान' ठरते, तर सत्ताहीनाच्या बाबतीत तीच 'गंड' का ठरावी? दोहोंमधील फरक मनाच्या घडणीचा नसून प्रत्युत्तर देण्याच्या सामर्थ्याचा आहे.

शाहूंच्या कार्यात या जखमेवरचे दोन निरनिराळे इलाज आढळतात. वेदोक्ताचा आग्रह हा पहिला. क्षत्रियत्व सिद्ध करून उतरंडीतील योग्य पायरी मिळवणे हे त्याचे स्वरूप. त्यात उतरंड शाबूत राहते. दुसरा इलाज याहून मूलगामी आहे. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्यात आल्या. पुढे, पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे या सरकारी तबेल्यातील नोकराला शाहूंनी स्वतंत्र धंदा करावयास सांगितले. त्यांनी भर शहरात चहाचे दुकान काढले आणि महाराज तेथे गाडी थांबवून उघडपणे चहा घेऊ लागले. या घटनेचे मानसशास्त्रीय मोल मोठे आहे. कांबळे यांच्या मनाला आत्मविश्वासाचे धडे देण्याचा हा प्रकार नव्हता. कप घेणाऱ्या हाताची सवय येथे बदलावयाची होती. मार्च १९२० मध्ये माणगाव येथील परिषदेत शाहूंनी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे जाहीर स्वागत केले, ते याच दुसऱ्या मार्गावरचे पुढचे पाऊल होय.

हा भेद मराठीबाहेर सर्वांत स्पष्टपणे मांडला तो मार्टिनिक बेटावर जन्मलेल्या फ्रांत्झ फॅनन या मनोविकारतज्ज्ञाने. १९५२ च्या आपल्या ग्रंथात त्याने काळ्या माणसाच्या आत्महीनतेला समाजजन्य मानले आणि वसाहतीतील लोकांच्या मनातच परावलंबनाची गाठ असते, हे मान्नोनीचे प्रतिपादन नाकारले. गोऱ्या मुलाने बोट दाखवताच काळ्या माणसाला स्वतःचे शरीर परके होते. ते परकेपण त्या बोटातून येते. काळ्यांच्या लढ्याशी मराठीचे नाते तसे जुने आहे. जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तेथून घेतले. तथापि मराठी समीक्षेने काळ्यांच्या साहित्यातून विद्रोहाची भाषा जितक्या तत्परतेने आत्मसात केली, तितक्या तत्परतेने ही मनोमीमांसा घेतली नाही.

अर्थात ती जशीच्या तशी घेणेही शक्य नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे आंबेडकरांनी वारंवार दाखवून दिले. अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या १९४८ च्या ग्रंथात त्यांनी वंशभेदाची उपपत्ती स्पष्टपणे फेटाळली. मनाच्या दृष्टीने या फरकाला एक महत्त्वाचा परिणाम आहे. रंग दिसतो, जात विचारावी लागते. 'आपण कुठले?' या सौजन्यपूर्ण प्रश्नापासून ती चौकशी सुरू होते आणि आडनावापाशी संपते. म्हणून फॅननच्या माणसाची यातना दिसण्याची आहे, तर मराठी आत्मकथनातील निवेदकाची यातना कळण्याची आहे. एकाला लपता येत नाही. दुसऱ्याला लपता येते, आणि म्हणूनच उघडकीस येण्याच्या भयात त्याला सतत वावरावे लागते.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या कृतीची रचना याच यातनेतून घडली आहे. तेथे दगडू मारुती पवार आणि दया पवार अशी एकाच माणसाची दोन रूपे परस्परांशी बोलतात. एक गावाने दिलेल्या नावाचे, दुसरे शिक्षणाने व लेखनाने कमावलेले. स्वतःकडे सदैव दुसऱ्याच्या नजरेतून पाहावे लागणाऱ्या दुहेरी जाणिवेचे जे वर्णन डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसने १९०३ मध्ये केले, ती जाणीव येथे निवेदनाची पद्धती बनली आहे. या रचनेला दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे लक्षण म्हणणे म्हणजे कलाकृतीला रोगपत्रिका समजणे होय. येथे लेखकाने दुभंग ओळखला आहे, त्याला दोन आवाज दिले आहेत आणि त्यांना समोरासमोर बसवले आहे.

शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) याहून अवघड प्रश्न विचारते. बारा माशांचा तोळा. अक्करमाशी म्हणजे एका माशाने कमी, खोट असलेला. वडील गावच्या पाटील घराण्यातले, आई महार. रक्तानेच ओळख ठरत असती, तर निम्मा गाव त्याचा व्हावयास हवा होता. पण जात रक्त मोजत नाही, मान्यता मोजते. शाळेच्या दप्तरात बापाचे नाव काय लिहावयाचे, येथे अस्तित्वाचा प्रश्न येऊन अडतो. शीर्षकातच एक निदान उलटवलेले आहे. माशाची खोट माणसात नसून तराजूत आहे, हे संपूर्ण पुस्तक वाचकाला सांगत राहते. अशा पुस्तकाला 'न्यूनगंडाची कहाणी' म्हणणारा समीक्षक तोच तराजू पुन्हा हाती घेत असतो.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. सारे समाजावर ढकलले, तर व्यक्तीच्या मनाला काही स्वतंत्र अस्तित्व उरते की नाही? दुःखाने खचलेल्या माणसाला समाज बदलेपर्यंत थांबावयास सांगावयाचे काय? या आक्षेपाचा विचार करताना गडहिंग्लज परिसराचे लेखक राजन गवस यांची 'भंडारभोग' (१९८८) ही कादंबरी समोर ठेवावी. यल्लम्माला सोडलेल्या जोगत्याचे जगणे हा तिचा विषय आहे. केसांत जट आली, की तिचा अर्थ गाव लावते. लुगडे, भंडारा आणि परडी गाव देते. पण नंतर त्या लुगड्यात जे कोंडले जाते ते एका विशिष्ट माणसाचे मन असते, आणि त्याची तगमग खरी असते. दुखण्याचे कारण सामाजिक असल्याने दुखणे काल्पनिक ठरत नाही. फॅनन स्वतः रुग्णालयात रोग्यांवर उपचार करीतच होता. उपचार हवेतच, मात्र अपमानाला अपमान म्हणून ओळखण्याची तयारी उपचार करणाऱ्याजवळ असली पाहिजे.

हा वाद केवळ समीक्षेच्या शब्दकोशापुरता नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १८ व्या कलमाने जातीवरून भेद न करता उपचार मिळण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, मे २०१९ मध्ये, मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली. सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अशा प्रत्येक मृत्यूनंतर 'ती मनाने कमकुवत होती काय?' अशी कुजबुज ऐकू येते. ती कुजबुज आणि न्यूनगंडाची समीक्षा या एकाच विचारपद्धतीच्या दोन पातळ्या आहेत. दोन्ही ठिकाणी जखम तपासली जाते, शस्त्र तपासले जात नाही.

आत्मकथनांनी मराठी समीक्षेला नवे अनुभवविश्व दिले, असे नेहमी म्हटले जाते. वस्तुतः त्यांनी एक मानसशास्त्रही दिले आहे. ते बाहेरून आणलेल्या संज्ञांनी झाकून न टाकता, दगडू पवारच्या प्रश्नांतून आणि अक्करमाशीच्या तराजूतून वाचावयाचे, हे काम अद्याप बरेचसे शिल्लक आहे.