फुकट दारातून आत गेल्यावर

मे महिना आला की शिक्षक आणि पालक आम्हाला हमखास विचारतात, "मुलांना खर्चाविना कुठे नेता येईल?" या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके अवघड नाही. १८ मे हा दिवस १९७७ पासून आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो, आणि अलीकडच्या वर्षांत त्या दिवशी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत सर्वांना मोफत प्रवेश दिला गेला आहे. शिवाय या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना वर्षभर तिकीट पडत नाही. दार उघडे आहे. पण आत गेलेल्या कुटुंबाच्या हाती काय लागते, याची झडती मात्र फारशी कोणी घेत नाही. ती येथे घेऊ.

मोफत प्रवेशाचा मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने आणि विज्ञान संग्रहालयाने १९८०च्या दशकात तिकीट लावले होते. ते टप्प्याटप्प्याने उठले. १९९९ मध्ये मुलांचे, २००० मध्ये साठीपुढच्यांचे आणि १ डिसेंबर २००१ पासून सर्वांचे. पूर्वी तिकीट असलेल्या राष्ट्रीय संग्रहालयांतील भेटी पहिल्या वर्षातच दीडपटीहून अधिक झाल्या. मात्र पाहणी केल्यावर असे दिसले की, वाढलेल्या गर्दीत मोठा वाटा आधीपासून संग्रहालयात जाणाऱ्या सुशिक्षित वर्गाचाच होता. म्हणजे तिकीट ही एक भिंत होती, एकमेव भिंत नव्हती. गाडीभाडे, बाहेरचे जेवण आणि "यातले आपल्याला काय कळणार?" हा संकोच या भिंती तिकीट उठवल्याने पडत नाहीत.

आपल्याकडेही हेच आहे. घारापुरीला मुलाला तिकीट नाही, पण बोटीचे भाडे सुटत नाही. कान्हेरीची लेणी राष्ट्रीय उद्यानात असल्याने उद्यानाचा प्रवेश आणि आतली बस यांचा खर्च वेगळा. स्मारक फुकट, वाट मात्र फुकट नाही. सवलतीची घोषणा करणाऱ्यांनी कुटुंबाचा पूर्ण हिशेब मांडला पाहिजे.

आमचा दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. मोफत प्रवेशाचा खरा फायदा पैसे वाचण्यात नसून घाई वाचण्यात आहे. तिकीट काढलेला माणूस पैसे वसूल करायला निघतो. सगळी दालने, सगळी लेणी पायाखाली घालतो आणि संध्याकाळी त्याला काहीच आठवत नाही. तिकीट नसेल तर एकच वस्तू अर्धा तास पाहून घरी जाता येते, पुढच्या आठवड्यात पुन्हा येता येते. वर्षातून एकच दिवस मोफत ठेवला की हा फायदा नाहीसा होतो. तीच गर्दी, तीच धावपळ, आणि "आज फुकट आहे, सगळे बघून घ्या" हा घोष. म्हणून एका दिवसाच्या उत्सवापेक्षा दर महिन्याला एक साधा, गाजावाजा नसलेला मोफत दिवस आम्हाला अधिक मोलाचा वाटतो.

एकच वस्तू पाहायची म्हणजे काय, याचे उदाहरण कान्हेरीचेच घेऊ. येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. आपल्याकडच्या स्मारकांवरील फलक बहुधा शतक आणि राजवंश सांगून थांबतात. मुलाच्या मनात येणारा प्रश्न निराळाच असतो: या उघड्या डोंगरावर इतके भिक्षू पाणी कोठून आणत? उत्तर त्याच्या पायाशी असते. लेण्यांशेजारी खडकात खोदलेली टाकी आहेत. शिलालेखांतील प्राकृतात त्यांना 'पोढी' म्हटले आहे. खडकावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यांत उतरते. अनेक टाक्यांचे तोंड लहान आणि पोट खडकाच्या आत. त्यामुळे उन्हाने पाणी कमी उडते.

आता हिशेब करू. समजा, एक टाके तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल आहे. त्यात बारा घनमीटर, म्हणजे बारा हजार लिटर पाणी मावेल. एका माणसाला पिण्यास व रांधण्यास रोज पाच लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांत, म्हणजे २४० दिवसांत, त्याला बाराशे लिटर लागतील. एका टाक्यावर दहा माणसे निभावतात. हे टाके भरायला किती खडक हवा? या भागात पावसाळ्यात सरासरी दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. निम्मे पाणी वाया गेले असे मानले, तरी बारा चौरस मीटर खडक पुरतो. आपल्या वर्गखोलीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढा! सातवीच्या मुलाला हे गणित जमते, आणि ते जमले की डोंगर त्याच्याशी बोलू लागतो.

तेथेच एका लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत कोरलेली नावे आहेत. सहलीला येणे हजार वर्षांपूर्वीही होते, हे मुलांना जरूर सांगावे. आणि आज नाव कोरणे हा गुन्हा आहे, हेही त्याच दमात सांगावे.

शिक्षकांना आमची एवढीच विनंती: सुट्टी लागण्यापूर्वी मुलांच्या हाती ठिकाणांची यादी देऊ नका. एक प्रश्न द्या, एक दोरी आणि एक वही न्यायला सांगा. उन्हे चढण्याआधी जा, दोन लेणी पाहून परत या. प्रश्न सोबत नसेल तर तेथे जाऊनही मुलाला सावलीपलीकडे फारसे काही मिळत नाही. जूनमध्ये वर्गात "कुठे कुठे जाऊन आलात?" असे विचारू नका. "काय मोजून आलात?" असे विचारा.